वांकिडीचे बापूजी : प्रस्तावना

चंद्रपूरहून राजुऱ्यामार्गे आसिफाबादकडे जाताना महाराष्ट्राची हद्द संपते आणि थोड्याच वेळात वांकिडी लागते. दुकानांवरच्या पाट्या तेलुगू होतात, पण बाजारातले बोलणे काही लगेच बदलत नाही. तेलुगू, मराठी, गोंडी, कोलामी आणि उर्दू या भाषा इथे पिढ्यान् पिढ्या एकमेकींच्या शेजारी राहत आल्या आहेत. हे गाव आज कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे. २०१६ मध्ये आदिलाबादचे चार जिल्हे झाले, त्याआधी ते आदिलाबाद जिल्ह्यातच होते. याच वांकिडीत २७ सप्टेंबर १९१५ रोजी एका पद्मशाली कुटुंबात लक्ष्मण यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. शिकून ते हैदराबादेत वकील झाले. मग आमदार, आंध्र प्रदेश विधानसभेचे उपाध्यक्ष आणि दोन मुख्यमंत्र्यांच्या मंत्रिमंडळांत मंत्री झाले. १९६९ मध्ये वेगळ्या तेलंगणाच्या मागणीसाठी मंत्रिपद सोडून ते बाहेर पडले. लोक त्यांना कोंडा लक्ष्मण बापूजी म्हणत.

२१ सप्टेंबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. सत्त्याण्णवावा वाढदिवस तेव्हा सहा दिवसांवर होता. ज्या राज्यासाठी त्यांनी मंत्रिपद सोडले ते राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले.

शेजारच्या तेलुगू मुलखातले नेते मराठी वाचकाला बहुधा दिल्लीमार्गे ओळखीचे होतात. पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले, रामटेकमधून दोनदा लोकसभेवर गेले, हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली, म्हणून ते आपल्याला जवळचे वाटतात. एन. टी. रामाराव सिनेमामुळे आणि १९८३ च्या सत्तांतरामुळे ठाऊक असतात. कोंडा लक्ष्मण यांच्याकडे यातले काहीच नव्हते. ते मुख्यमंत्री झाले नाहीत आणि त्यांचे राजकारण दिल्लीत रमले नाही. आपल्या मुलखातल्या नोकऱ्या, पैसा आणि निर्णय कोणाच्या हातात असावेत हा एकच प्रश्न त्यांनी १९५२ पासून २०१२ पर्यंत खाली ठेवला नाही. मुख्यमंत्र्यांची चरित्रे सत्तेचा इतिहास सांगतात. एखादी मागणी सत्तेत कोणी ऐकत नसतानाही साठ वर्षे जिवंत कशी राहते, हे समजून घ्यायचे तर दुसऱ्या फळीतल्या अशा माणसाच्या आयुष्याकडे जावे लागते. हे चरित्र वाचण्याचे पहिले कारण ते आहे.

दुसरे कारण भूगोलाचे. लक्ष्मण यांचे सुरुवातीचे शिक्षण राजुरा-माणिकगड भागात आणि आसिफाबादला झाले. त्या काळी ही सगळी ठिकाणे निजामाच्या एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होती. हैदराबाद संस्थानातल्या सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी मानले जात. आदिलाबादची गणती तेलुगू जिल्ह्यांत होई, पण राजुरा आणि किनवट हे तालुके बोलण्याचालण्याने मराठी होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा, किनवट आणि इस्लापूर हा भाग मुंबई राज्यातल्या नांदेडकडे गेला आणि नांदेडचा मुधोळ तालुका आदिलाबादला आला. १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, जोडला गेला. बापूजींची राजुऱ्याकडची शाळा एका राज्यात राहिली आणि जन्मगाव दुसऱ्या राज्यात. ही सीमा अजूनही पुरती बसलेली नाही. जिवती तालुक्यातल्या डोंगरावरच्या चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात, आणि तिथल्या माणसांची नावे दोन्हीकडच्या मतदार याद्यांत असतात.

या डोंगराळ पट्ट्याचा आणखी एक इतिहास आहे. लक्ष्मण हैदराबादेत पाय रोवत होते त्या काळात वांकिडीपासून फार दूर नसलेल्या जोडेघाटला गोंड नेता कुमुरम भीम निजामाच्या पोलिसांशी लढत होता. १९४० मध्ये तो मारला गेला. जंगलात कसलेली जमीन, तोडलेले लाकूड आणि चारलेली गुरे यांवर सरकारी बंदी आणि दंड, हे त्या उठावामागचे कारण होते. उठाव मोडल्यावर निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांचा अभ्यास करायला बोलावले. मारलवाई गावात त्याने गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र उभे केले. तिथली गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली, कारण या भागातल्या गोंडांना लिहिण्यावाचण्याची जी काही ओळख होती ती मराठीमार्गे होती. गोंडांचे भाट असलेले परधान घरी मराठीच बोलत. पुढे मराठी इतिहासकार म्हणून नावाजलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना याच जिल्ह्यात अधिकारी होते. ते गोंडी शिकले आणि आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. बापूजींच्या जन्मभूमीची ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी, कारण त्यांच्या राजकारणाच्या बळाबरोबरच त्याची मर्यादाही इथेच दिसते. त्याबद्दल पुढे.

पद्मशाली समाज मराठी वाचकाला परका नाही. सोलापूरच्या पूर्व भागातली हातमागांची आणि पुढे यंत्रमागांची वस्ती, नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेय महामुनींचा रथ, भिवंडीतले यंत्रमाग, नागपूर आणि नांदेडमधल्या विणकरांच्या पेठा, यांत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांचा मोठा वाटा आहे. माग चालेना आणि पोट भरेना तेव्हा ही कुटुंबे गाव सोडून सूतगिरण्यांच्या शहरांकडे आली. पुरुष मागावर बसले, बायका विडीच्या कारखान्यात गेल्या. सोलापूरने नरसय्या आडम यांच्यासारखा तेलुगूभाषक कामगार नेता तीनदा विधानसभेत पाठवला, त्यामागे याच वस्त्यांची ताकद होती.

जे घर सोडून आले त्यांची गोष्ट मराठीत थोडीफार लिहिली गेली आहे. जे मागेच राहिले त्यांची बाजू कोंडा लक्ष्मण यांच्या आयुष्यातून दिसते. हैदराबाद संस्थानच्या तेलुगू भागात सत्ता जमिनीतून येत असे. देशमुख, जागीरदार आणि गावोगावचे दोरा यांच्या हातात हजारो एकर जमीन होती, आणि वेठबिगार हा रोजचा व्यवहार होता. विणकराकडे जमीन नसे. पाठीशी मोठ्या शेतकरी जातीचे संख्याबळ नसे. अशा घरातल्या मुलाला राजकारणात शिरायचे तर दोनच वाटा होत्या : वकिली आणि संघटना. लक्ष्मण दोन्ही वाटांनी गेले.

हैदराबादेत कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वकिली सुरू केली, तेव्हा न्यायालयाचे कामकाज उर्दूत चाले आणि निजामाच्या राज्यात सभा भरवायलाही परवानगी लागे. हैदराबाद स्टेट काँग्रेस १९३८ मध्ये स्थापन होतानाच बंदीत सापडली होती. तरुण वकिलाकडे येणारी कामे पैशाची नव्हती. सरकारविरोधी चळवळीतले कार्यकर्ते, जमिनीवरून हुसकावलेली कुळे आणि जमीनदाराच्या माणसांनी पिकावर हात टाकलेले शेतकरी त्यांच्याकडे येत. पालकुर्तीच्या चाकली ऐलम्मा या परीट समाजातल्या बाईने विसनूरच्या देशमुखाविरुद्ध दिलेली झुंज तेलंगणात आजही घराघरात सांगितली जाते. जमीन तिने कसायला घेतलेली, पीक तिने काढलेले, आणि देशमुख ते आपले म्हणत होता. कोर्टात तिची बाजू मांडणाऱ्यांत कोंडा लक्ष्मण यांचे नाव घेतले जाते. पीक ऐलम्माच्या घरी राहिले. त्यानंतर कम्युनिस्टांच्या आणि आंध्र महासभेच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात या प्रकरणाला आरंभबिंदूचा मान मिळाला. लक्ष्मण स्वतः काँग्रेसचे, पण पक्ष पाहून वकीलपत्र घेण्याची त्यांची रीत नव्हती.

गांधीजींचे दर्शन त्यांना विद्यार्थिदशेत चांद्याला घडले, असे त्यांची चरित्रे सांगतात. ब्रिटिश मुलखातला चांदा आणि निजामाचा आसिफाबाद यांच्यात एक नदी आणि एक चौकी होती, पण रेल्वेने अंतर कमी केले होते. बल्लारशा-काझीपेट मार्ग १९२९ च्या सुमारास पूर्ण झाल्यावर वर्ध्या-नागपूरकडची हवा आदिलाबादच्या जंगलापर्यंत सहज येऊ लागली. १९४२ च्या आंदोलनात लक्ष्मण उतरले. ४ डिसेंबर १९४७ रोजी नारायणराव पवार या आर्यसमाजी तरुणाने हैदराबादेत निजामाच्या मोटारीवर बाँब फेकला. निजाम वाचला आणि पवारांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. भारत सरकारच्या १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ती टळली. या कटाशीही लक्ष्मण यांचे नाव जोडले जाते. गांधींवर श्रद्धा असलेला हा वकील रझाकारांच्या दहशतीच्या त्या वर्षात कोणकोणत्या माणसांच्या पाठीशी उभा राहिला, हे पाहिले की त्या काळातल्या निष्ठा आजच्या पक्षांच्या खणांत बसवणे किती अवघड आहे ते कळते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद भारतात विलीन झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी ९३ काँग्रेसला मिळाल्या. आसिफाबादमधून कोंडा लक्ष्मण निवडून आले. मराठी वाचकाने या विधानसभेकडे मुद्दाम पाहावे, कारण ती अर्धीमुर्धी आपलीही होती. मुख्यमंत्री बुर्गुल रामकृष्ण राव. गृहमंत्री दिगंबरराव बिंदू. मंत्रिमंडळात विनायकराव विद्यालंकार, फूलचंद गांधी, देवीसिंग चौहान. पुढे आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले गोपाळराव एकबोटे याच सभागृहाचे सदस्य आणि मंत्री. विरोधी बाकांवर पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे नेते व्ही. डी. देशपांडे, मराठी असून तेलंगणातल्या मतदारसंघातून निवडून आलेले. तेलुगू, मराठी, कानडी आणि उर्दू बोलणारे आमदार एका छताखाली बसून कूळकायद्यावर आणि जमिनीच्या कमाल मर्यादेवर वाद घालत होते. चार वर्षांनी ते सभागृहच राहिले नाही.

त्याच १९५२ च्या सप्टेंबरमध्ये हैदराबाद पेटले. निजामाच्या काळापासून चालत आलेले मुल्की नियम सांगत की सरकारी नोकरी स्थानिकांना मिळावी, आणि स्थानिक ठरायला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागे. पोलीस कारवाईनंतर मद्रास इलाख्यातून, विशेषतः आंध्र किनाऱ्यावरून, अधिकारी, शिक्षक आणि कारकून मोठ्या संख्येने आले. काहींनी खोटे दाखले मिळवल्याच्या तक्रारी होत्या. वरंगळपासून विद्यार्थ्यांचे मोर्चे सुरू झाले. हैदराबादच्या सिटी कॉलेज परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि विद्यार्थी मारले गेले. लक्ष्मण सत्ताधारी पक्षाचे नवखे आमदार होते, तरी ते विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलले. वेगळ्या राज्याची भाषा तोवर कोणी केली नव्हती. इथली नोकरी इथल्या मुलाला मिळावी, एवढीच ती मागणी होती. त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाचे बीज त्या मागणीत आहे.

पुढची चार वर्षे मराठी आणि तेलुगू इतिहास एकाच टेबलावर लिहिला जात होता. राज्यपुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात दोन वेगळी राज्ये सुचवली. एक विदर्भ. दुसरे हैदराबाद, म्हणजे तेलुगूभाषक तेलंगण, जे १९६१ च्या सुमाराच्या निवडणुकीपर्यंत वेगळे राहील आणि मग तिथल्या विधानसभेने दोन-तृतीयांश मतांनी ठरवले तरच आंध्रात मिसळेल. दोन्ही शिफारशी बाजूला ठेवल्या गेल्या. विदर्भासाठी २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार होता. तेलंगणासाठी २० फेब्रुवारी १९५६ चा ‘सभ्य गृहस्थांचा करार’ झाला. नोकऱ्यांत वाटा, विकासाच्या पैशाचे वेगळे हिशेब, जमिनीच्या विक्रीवर स्थानिक नियंत्रण आणि मुख्यमंत्री एका भागाचा असेल तर उपमुख्यमंत्री दुसऱ्या भागाचा, अशा अटी त्यात होत्या. दोन्ही करारांचे पुढे काय झाले याची चर्चा आजही नागपुरात आणि हैदराबादेत जवळजवळ त्याच शब्दांत चालते.

मराठवाड्याची बाजू मात्र वेगळी होती. स्वामी रामानंद तीर्थ यांनी हैदराबाद राज्याचे भाषावार तुकडे व्हावेत असा आग्रह धरला, आणि मराठी मनाला तो न्याय्य वाटला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे मराठी मुलखाला जोडले जाणार होते. आपल्या आठवणीत १९५६ हे साल जोडले जाण्याचे आहे. तेलंगणातल्या अनेकांसाठी तेच साल आपली राजधानी, आपला महसूल आणि आपला स्वतंत्र कारभार दुसऱ्याच्या हाती जाण्याचे होते. भाषा एक असली तरी इतिहास एक नव्हता. किनाऱ्यावरचा आंध्र इंग्रजांच्या राज्यात, कालव्यांच्या पाण्यावर आणि इंग्रजी शाळांत वाढलेला होता. तेलंगण निजामाच्या जागीरदारीतून आणि उर्दू शाळांतून आलेला. एकाच भाषेच्या दोन मुलखांत अशी दरी असू शकते, हे विदर्भातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आंध्र प्रदेश झाला. १९५७ च्या निवडणुकीत बापूजी आसिफाबाद सोडून नलगोंडा जिल्ह्यातल्या चिन्नकोंडूरमधून निवडून आले. १९६७ आणि १९७२ मध्ये ते भोंगीरमधून विधानसभेत गेले. हा विणकरांचा मुलूख. पोचमपल्लीच्या इकत साड्या इथल्या. १९५१ मध्ये विनोबांना भूदानाचे पहिले शंभर एकर मिळाले तेही पोचमपल्लीतच. विणकरांच्या सहकारी संस्था बांधणे हे बापूजींच्या आयुष्याचे दुसरे मोठे काम होते. हातमागावरचा विणकर सूत सावकाराकडून उधार घेतो, कापडही त्यालाच विकतो, आणि मधल्या फरकात त्याचे सगळे श्रम जातात. सूत संस्थेने द्यावे, कापड संस्थेने घ्यावे आणि विक्री संस्थेने करावी, ही साधी व्यवस्था उभी राहिली तरच तो सावकाराच्या दारातून सुटतो. महाराष्ट्राने सहकाराची ताकद उसाच्या शेतात पाहिली. बापूजींनी ती जमीन नसलेल्या माणसाच्या मागापाशी नेण्याचा प्रयत्न केला. आमदारकी गेली तरी संस्था राहते, हे त्यांना उमगले होते.

विधानसभेचे उपाध्यक्षपद त्यांच्याकडे आले. १९६० मध्ये दामोदरम संजीवय्या मुख्यमंत्री झाले. देशातल्या कोणत्याही राज्याचे ते पहिले दलित मुख्यमंत्री. त्यांच्या मंत्रिमंडळात बापूजींना स्थान मिळाले, आणि पुढे कासू ब्रह्मानंद रेड्डी यांच्याही. एका विणकराच्या मुलाची ही वाटचाल साधी नव्हती. वाट सरळ चालू ठेवली असती तर आणखी दहा-पंधरा वर्षे मंत्रिपद त्यांच्याकडे सहज राहिले असते.

१९६९ च्या जानेवारीत खम्मम जिल्ह्यातल्या कोत्तागुडेमच्या औष्णिक वीज केंद्रात स्थानिकांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून आंदोलन सुरू झाले. खम्मम शहरात एका विद्यार्थ्याने उपोषण केले. काही आठवड्यांत ते लोण उस्मानिया विद्यापीठात पोहोचले आणि मागणी बदलली. करार पाळा म्हणणारे विद्यार्थी आता वेगळे राज्य मागू लागले. महाविद्यालये बंद पडली आणि विद्यार्थ्यांचे वर्ष बुडाले. तेलंगणाचा शिल्लक निधी किती आणि तो कुठे खर्च झाला, हे मोजायला न्यायमूर्ती भार्गव यांची समिती बसली. रस्त्यावर गोळीबार होत राहिले आणि त्यांत शेकडो तरुण गेल्याचे चळवळीतले लोक सांगतात. याच वर्षी कोंडा लक्ष्मण यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि तेलंगण मिळेपर्यंत असे पद घ्यायचे नाही असा निर्धार केला.

राजीनामे राजकारणात पुष्कळ असतात. या राजीनाम्याचे वजन पुढच्या वर्षांत कळते. डॉ. एम. चन्ना रेड्डी यांच्या तेलंगण प्रजा समितीने १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत तेलंगणातल्या चौदापैकी दहा जागा जिंकल्या आणि त्याच वर्षी समिती काँग्रेसमध्ये विलीन झाली. पी. व्ही. नरसिंह राव मुख्यमंत्री झाले. मुल्की नियम वैध असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९७२ मध्ये आला आणि उलट्या दिशेने ‘जय आंध्र’ आंदोलन भडकले. १९७३ मध्ये सहा कलमी सूत्र येऊन मुल्की नियम संपले. चळवळीतले अनेक नेते पुढे मंत्री झाले. चन्ना रेड्डी स्वतः दोनदा आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. मंत्रिपद नाकारत राहिलेल्यांत बापूजींचे नाव मात्र ठळक राहिले.

विदर्भाच्या चळवळीशी ही तुलना टाळता येत नाही. वणीचे लोकनायक बापूजी अणे १९६२ मध्ये विदर्भवाद्यांच्या पाठिंब्यावर नागपुरातून लोकसभेत गेले. जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये त्याच नागपुरातून निवडून आले आणि त्यांच्या सभांना रस्ते अपुरे पडत. वणी आणि वांकिडी यांच्यात एका दिवसाचा प्रवासही नाही. दोन्हीकडे मोठे नेते होते, दोन्हीकडे अहवालाची शिफारस होती, दोन्हीकडे मोडलेल्या करारांची यादी होती. एका राज्याची मागणी २०१४ मध्ये फळाला आली, दुसरी अजून मागणीच आहे. याची कारणे अनेक आहेत : हैदराबादसारखे संपन्न शहर, उस्मानिया विद्यापीठातला विद्यार्थिवर्ग, कृष्णा-गोदावरीच्या पाण्याचा वाद, केंद्रातली आघाड्यांची गणिते. त्यांत आणखी एक कारण धरावे लागते. तेलंगणात दोन लाटांच्या मधल्या काळात प्रश्न सांभाळून ठेवणारी माणसे होती. वरंगळच्या काकतीय विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले प्राध्यापक जयशंकर आकडेवारी सांभाळत होते. कोंडा लक्ष्मण राजकीय आठवण सांभाळत होते.

ती आठवण त्यांनी शब्दशः घरात ठेवली होती. हुसेनसागरच्या काठावरचे त्यांचे निवासस्थान, जलदृश्यम, चळवळीच्या माणसांना खुले असे. २७ एप्रिल २००१ रोजी के. चंद्रशेखर राव यांनी तेलंगण राष्ट्र समितीची स्थापना केली ती याच वास्तूत. नव्या पक्षाकडे तेव्हा स्वतःची जागा नव्हती, आणि बत्तीस वर्षांपूर्वी मंत्रिपद सोडलेल्या माणसाने आपली जागा दिली. पुढे सरकारी कारवाईत ती वास्तू पाडली गेली. बापूजी थांबले नाहीत. वयाची पंचाण्णव वर्षे उलटल्यावर त्यांनी दिल्लीच्या थंडीत जंतरमंतरवर सत्याग्रह केला. १९६९ मध्ये ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांची नातवंडे तेव्हा त्यांच्याभोवती बसली होती.

चरित्र वाचताना श्रद्धेने डोळे मिटून घेण्याची मात्र गरज नाही. बापूजींच्या राजकारणाची एक मर्यादा त्यांच्या जन्मजिल्ह्यातच आहे. ते आसिफाबादमधून एकदा निवडून आले आणि नंतर दक्षिणेकडे गेले. आसिफाबाद पुढे अनुसूचित जमातींसाठी राखीव झाले. कोटनाक भीमराव यांच्यासारखे गोंड नेते तिथून विधानसभेत गेले आणि मंत्रीही झाले. स्थानिक म्हणजे कोण, हा प्रश्न हैदराबादच्या नोकऱ्यांबाबत बापूजींनी जितका टोकदार केला, तितकाच तो आदिलाबादच्या जंगलजमिनीबाबत टोकदार होता. तिथे स्थानिक होते गोंड आणि कोलाम. त्यांच्या जमिनी तेलंगणातल्याच इतर भागांतून आणि महाराष्ट्रातूनही आलेल्या लोकांकडे जात होत्या. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीत जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा, स्थानिक लोक तो कितीतरी मोठा सांगतात. वेगळ्या राज्याच्या चळवळीने कुमुरम भीमची ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा आपल्या फलकांवर घेतली, पण ज्या गावांतून ती घोषणा उठली तिथल्या वनहक्कांचे वाद राज्य झाल्यावरही मिटलेले नाहीत. यासाठी बापूजींना एकट्याला जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. त्यांचा प्रश्न मात्र त्यांच्याच गावापर्यंत नेऊन विचारायला हवा.

तेलंगण सरकार आज त्यांची जयंती साजरी करते. मुलुगू येथील राज्याच्या उद्यानविद्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि हातमाग विणकरांना त्यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात. या सन्मानांत एक धोकाही असतो. पुतळा उभा राहिला की माणसाचे वाद विसरले जातात. कोंडा लक्ष्मण पक्षात राहून पक्षाशी भांडले, मंत्रिमंडळात बसून मंत्रिमंडळाला प्रश्न विचारले, आणि ज्यांना त्यांनी जागा दिली त्यांच्यापेक्षा वेगळे मत ठेवण्याचा हक्क राखला. त्या वादांसकट त्यांना वाचावे.

वाचकाने तीन गोष्टींवर लक्ष ठेवले तर हे आयुष्य नीट उलगडेल. पहिली, १९५२ ची नोकरीची मागणी १९६९ मध्ये राज्याची मागणी कशी झाली, आणि मधल्या सतरा वर्षांत कोणकोणते करार मोडले. दुसरी, जमीन आणि जातीचे संख्याबळ नसलेल्या नेत्याने वकिली, सहकारी संस्था आणि स्वतःचे घर यांतून राजकीय ताकद कशी उभी केली. तिसरी, भाषा एक असूनही लोकांना वेगळे राज्य का हवेसे वाटते. यातल्या प्रत्येक प्रश्नाला मराठी बाजू आहे आणि तिच्यावर आपल्याकडे फार थोडे काम झाले आहे. हैदराबाद विधानसभेचे १९५२ ते १९५६ चे छापील कामकाज उपलब्ध आहे. त्यात मराठवाड्याचे, तेलंगणाचे आणि कर्नाटकाचे आमदार एकाच कूळकायद्यावर आपापल्या मुलखाचे दाखले देत बोललेले आहेत. नांदेड, चंद्रपूर आणि औरंगाबादच्या अभ्यासकांनी ते तेलुगू अभ्यासकांच्या बरोबरीने वाचायला घेतले, राजुरा-किनवटच्या जुन्या तालुका दप्तरांशी ताडून पाहिले आणि सीमेच्या अलीकडच्या-पलीकडच्या विणकर, गोंड आणि कुणबी घरांतल्या वृद्धांच्या आठवणी वेळेत टिपल्या, तर कोंडा लक्ष्मण यांच्याबरोबरच त्या सभागृहातले डझनभर विसरलेले मराठी आमदारही पुन्हा प्रकाशात येतील. त्या कामाची सुरुवात म्हणून हे चरित्र वाचले जावे.